डबीच्या मागची जागा

अक्काच्या दुकानात 'असंच' हा शब्द चालत नसे. हमाल उशिरा आला, आणि का म्हणून विचारल्यावर 'असंच' म्हणाला, तर ती रागावत नसे. गादीवरून त्याच्याकडे नुसती बघत बसे. तो माणूस थोडा वेळ पायाकडे बघे, डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधे आणि शेवटी खरं काय ते सांगे. पोरीला ताप होता, किंवा आदल्या रात्री जास्त झाली होती, किंवा बायको माहेरी निघून गेली होती. मग अक्का म्हणे, "हां. हे कारण हाय. जा, पोती उतरव." कारण चांगलं की वाईट, याच्याशी तिला फारसं कर्तव्य नसे. ते असतंच, आणि ते सांगायचं असतं, एवढं तिला पुरे होतं.

अक्का माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. वडील अक्का म्हणत म्हणून आम्हीही अक्का म्हणायला लागलो. यजमान गेल्यावर ती उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीच्या गादीवर बसायला लागली, तेव्हा सगळा मोंढा अक्का म्हणायला लागला. मला ती 'तंगी' म्हणायची. कानडीत धाकट्या बहिणीला तसं म्हणतात, आणि उदगीरला कानडी घरातच असते. मी तिची भाची, नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, केस पांढरे झालेली, तरी तंगीच. मी फार बोलत नाही. अक्का पाहुण्यांना सांगे, "पुस्तकावानी हाय ही. उघडल्याबिगर काय कळत न्हाई."

ती गेल्या माघात गेली. तेव्हापासून हे लिहीन म्हणते आहे.

तिचा डावा हात मला आधी आठवतो. आम्ही लिंगायत. इष्टलिंग गळ्यात, अंगावर असतं, आणि पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घेऊन बघत बसायचं असतं. अक्का अंघोळ करून आली की चांदीच्या लिंबाएवढ्या डबीतून ते काळं, गुळगुळीत लिंग काढी, तळहातावर ठेवी, भस्म लावी, बेलाचं पान वाही, आणि हात डोळ्यांसमोर धरून निवांत बसे. तासाभराने मोंढ्यात त्याच तळहातावर तुरीची वानगी असे. पोत्यात खुपसायच्या लोखंडी नळीतून काढलेले मूठभर दाणे. तेही ती तसेच बघे, जवळजवळ तितकाच वेळ. माल घेऊन आलेला माणूस घायकुतीला येई. एकजण एकदा म्हणालाच, "अक्का, तूर हाय ती. देव न्हाई."

"तुझ्या घरी वरीसभराचं हेच हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग बघू दे की."

एका वर्षी गोदामातल्या तुरीला कुबट वास यायला लागला. सगळ्या नव्हे, उत्तरेच्या भिंतीकडच्या पोत्यांना तेवढा. मुनीम म्हणाला, दमट हवा आहे, येतोच. अक्का म्हणाली, "हवा काय एकाच भिंतीला लागती?" तिने थप्पी हलवायला लावली. भिंत वरून कोरडी होती, फरशीही कोरडी. सगळ्यांनी हात झटकले. अक्काने किल्लीने भिंतीचा चुना खरवडला, तर आत ओल. मग ती शेजारच्या दुकानात गेली आणि त्यांच्या बाजूने ती भिंत बघितली. तिथे हात धुवायच्या नळाचा जोड गळत होता, भिंतीच्या पोटात. शेजारी ओशाळले. तिने त्यांना काहीच बोल लावला नाही. परत येऊन मुनिमाला म्हणाली, "तुम्ही त्याला हवा म्हणलाव. हवा म्हणून गप बसलो असतो तर एक दिवस भिंत अंगावर आली असती."

अडुसष्टाव्या वर्षी तिच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. तेव्हा तिने दुकान मुलाकडे, प्रभूकडे दिलेलं होतं. दुखायची जागा ती बोटाने दाखवी: पाठीकडे, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, बिब्ब्याएवढी. तिथून दुखणं पुढे पोटाकडे येई, पट्टा आवळत आणल्यासारखं. खोकलं की तिथेच, कूस बदलली की तिथेच. डाव्या बाजूला काही म्हणता काही नाही. संध्याकाळी अंग थोडं कोमट होई. लुगडं नेसताना कमरेला एक वेढा जास्त बसायला लागला होता.

पहिल्या डॉक्टरांनी गॅस सांगितला. दुसऱ्यांनी सांगितलं, इतकी वर्षं गादीवर एका अंगाने रेलून बसलात, स्नायू आखडला आहे. तिसऱ्यांना मुतखड्याची शंका आली. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली. मूत्रपिंडं, पित्ताशय, सगळं साफ निघालं, तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "काही नाही हो तुम्हाला."

"काय न्हाई ते कळलं," अक्का म्हणाली. "काय हाय?"

मी तिला नांदेडला आणलं आणि एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद चाळले, पेन खाली ठेवलं आणि मवाळ आवाजात विचारलं, घरी काही ताण आहे का, सून बोलते का नीट, झोप लागते का. मग झोपेची गोळी लिहून दिली आणि नामस्मरण करायला सांगितलं. जिना उतरताना अक्का कठड्याला धरून मध्येच थांबली. म्हणाली, "ह्यांनी माझ्या सुनेची सगळी चौकशी केली. पाठीला हात लावला न्हाई."

त्या संध्याकाळी माझ्या घरी चहा पिता पिता मी बोलून गेले. "अक्का, सत्तरीला आलीस. वय झालं की थोडं दुखणारच."

अक्का लुगड्याची घडी घालत होती. घडी तशीच हातात धरून तिने माझ्याकडे बघितलं. दुकानात 'असंच' म्हणणाऱ्या हमालाकडे बघायची तसं. मी खाली बघितलं. हमालाकडे निदान सांगायला काहीतरी खरं असे. माझ्याकडे तेही नव्हतं.

प्रभूचं म्हणणं वेगळं होतं. तो वाईट मुलगा नाही, आईला गाडीतून कुठेही न्यायला तयार असे. पण दीड वर्षाने तोही कंटाळला. म्हणाला, "अक्का, रिकामी बसतीस म्हणून ध्यान तिकडं जातंय. कामात होतीस तवा कुठं दुखत होतं?"

"असंल," अक्का म्हणाली. "बघू या की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात जाऊन गादीवर बसली. तीन आठवडे बसली. भाव बोलली, वानगी बघितली, दोन हमालांची भांडणं मिटवली, एका व्यापाऱ्याचा ओला हरभरा परत पाठवला. तीन आठवडे झाल्यावर तिने प्रभूला हाक मारली. "तुझं कारण तपासून बघितलं," ती म्हणाली. "न्हाई निघालं." आणि पिशवी उचलून घरी गेली. प्रभू मला फोनवर म्हणाला, "ताई, तिला दुखतंय की मला शिकवायलीय हेच कळंना."

त्या दीड वर्षात तिचे छातीचे तीन एक्स-रे निघाले होते, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर, पण एकाच ठिकाणी. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत चाचांचं एक्स-रेचं दुकान होतं. चाचांच्या तीन पिढ्या उदगीरच्या. लिंगायत बाई अंगावरून लिंग उतरवत नाही हे त्यांना सांगावं लागत नसे. ते मशीनकडे तोंड करून उभे राहत आणि म्हणत, "उतारो नक्को अम्मा. जरा बाजूला सरकाव." अक्काच्या लिंगाचा दोरा डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे यायचा, त्यामुळे डबी सरकायची ती उजवीकडेच. फोटोत बरगड्यांवर एक पांढराशुभ्र गोल ठिपका उमटे. डॉक्टर दचकू नयेत म्हणून चाचा पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहीत: लिंगाची डबी. डॉक्टर ते वाचत, मान हलवत आणि बाकीचा फोटो बघत. आमच्या भागातल्या सगळ्याच डॉक्टरांना ती सवय आहे. मंगळसूत्राच्या वाट्या, ताईत, डबी; ओळखायचं आणि सोडून द्यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी उदगीरला होते. दुपारची वेळ. अक्काने तिन्ही फोटो कपड्यांच्या चिमट्यांनी खिडकीच्या गजांना लावले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

"तंगी, तुला पुस्तकं लावता येत्यात. हे नीट लाव."

मी तारखेप्रमाणे लावले.

"आता सांग, काय हललंय?"

मला काही कळेना. म्हटलं, एकात खांदा वर आहे, एकात श्वास कमी घेतला असावा, मान वेगळी आहे. असं एकेक सांगत गेले.

"मग डबी?"

मी पुन्हा बघितलं. डबी तिन्ही फोटोंत एकाच ठिकाणी होती, खालून दुसऱ्या बरगडीवर, जशी काही तिथे शिवून टाकली आहे. अक्काने माझं बोट धरून त्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं. मग पाठ वळवली, पदर बाजूला केला आणि तेच बोट धरून आपल्या कुशीवर ठेवलं. त्या बिब्ब्याएवढ्या जागेवर. तिचं अंग आखडलेलं मला जाणवलं.

"डबीच्या मागं कुणी बघितलं?" तिने विचारलं.

यातला एक फोटो मीच नांदेडच्या डॉक्टरांपुढे ठेवला होता. पाकिटावरची ओळ मीच वाचून दाखवली होती.

"कुणीच नाही," मी म्हणाले.

"चल मग," ती म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.

चाचा जेवून नुकतेच आले होते. अक्काने तिन्ही फोटो त्यांच्या काचेवर लावले आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. चाचांनी चष्मा लावून बघितलं. एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"डब्बी तो अंग से उतारते नै ना अम्मा तुम," ते म्हणाले. "इस वास्ते हम..."

"उतरवत न्हाईच. हातात घेते."

चाचांना आणि मलाही क्षणभर कळलं नाही.

"रोज सकाळी कुठं असतं? हातातच की," अक्का म्हणाली. "हात काय अंगाच्या बाहेर हाय व्हय?"

तिने डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, आणि दोऱ्यासकट रिकामी डबी माझ्याकडे दिली. मी स्वतः कित्येक वर्षांपूर्वी लिंग बांधणं सोडलं होतं. त्यावरून तिने मला कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. डबी ऊबदार होती. अक्का पत्र्याला छाती लावून उभी राहिली, डावा हात लांब केलेला, मूठ मिटलेली. चाचा म्हणाले, "सांस रोको अम्मा."

फोटो धुऊन आला तो ओलाच त्यांनी उजेडात धरला. जिथे ठिपका असायचा तिथे या वेळी बरगडी होती, आणि दोन बोटं रुंदीइतकी ती कुरतडल्यासारखी झाली होती. मला कळायला वेळ लागला. अक्काला लागला नाही. तिने जन्मभर तळहातावर दाणे बघितले होते. "भुंगा लागलाय," ती म्हणाली.

चाचा स्टुलावर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. "मेरी गलती है अम्मा. मैं अदब रखा."

"तुम्ही मान ठेवलाव, चाचा. दुखणं त्याच्या आड जाऊन बसलं," अक्का म्हणाली. "आता उठवू त्याला. एवढं करा, हितून पुढं कुणाची बी डबी ज्याच्या त्याच्या हातात द्या."

"हौ अम्मा," चाचा म्हणाले. "हौ."

लातूरला न्यायला प्रभू गाडी घेऊन आला. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो बघितला, अक्काच्या पाठीवर चारही बोटं ठेवून एकेक बरगडी चाचपली, आणि नेमक्या जागी आले तेव्हा ती हलली नाही, पण डोळे मिटले. ते म्हणाले, दोन गोष्टी असू शकतात. एक औषधाने बरी होते. दुसरीचं नाव त्यांनी घेतलं नाही. सीटी स्कॅन करायचं, मग सुईने आतला नमुना काढून तपासायचा.

स्कॅनच्या खोलीतल्या मुलीने अंगावरचं सगळं काढून ठेवायला सांगितलं. अक्काने तिला सांगितलं की हातात दगड आहे, लोखंड नाही, आणि हात कुठे ठेवू ते सांग. मुलगी आत जाऊन विचारून आली. हात डोक्याच्या वर लांब करायचे असतात, फोटोच्या बाहेर राहतात, चालेल म्हणाली. काचेतून मला अक्का दिसत होती. उताणी, दोन्ही हात डोक्यावर, उजवा रिकामा, डाव्या तळहातावर लिंग. ती झोपली होती ती फळी हळूहळू त्या चाकासारख्या यंत्रात सरकत गेली. माझ्या मांडीवर पुन्हा रिकामी डबी.

निकाल यायला पाच दिवस होते. आम्ही लातूरला प्रभूच्या सासुरवाडीला थांबलो. घरातली माणसं आमच्यासमोर हळू बोलत, टीव्हीचा आवाज बारीक करत. तिसऱ्या दिवशी जेवताना प्रभूच्या हातातला घास हातातच राहिला, तेव्हा अक्का म्हणाली, "कॅन्सर म्हण, प्रभू. तीन दिवस झाले तोंडात धरून बसलायस. जेवता बी येईना तुला."

प्रभू रडायला लागला. चाळीस वर्षांचा माणूस, सासऱ्यांच्या घरात, ताटावर.

"रडू नको. जे निघंल ते निघंल," ती म्हणाली. "नाव तर असंल. दोन वर्षं मी बिनानावाच्या दुखण्याशी संसार करून राहिले, तुमी सगळे मलाच खोटं पाडत होता. त्यापरीस हे बरं."

निघाला तो बरगडीचा टीबी. डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याने सांगत होते की पूर्ण बरा होईल, गोळ्या नेटाने घ्याव्या लागतील. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिसापासून असंल?"

"दीड-दोन वर्षं तरी असावा."

अक्काने प्रभूकडे बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टरांना म्हणाली, "लिहून द्या. मराठीत. लोकास्नी वाचता यायला पाहिजे." डॉक्टरांनी आपल्या कागदावर लिहून दिलं: दुखण्याचे कारण, उजव्या अकराव्या बरगडीचा क्षयरोग. खाली सही, शिक्का. रस्त्यावर आल्यावर तिने प्रभूला त्याच्या दहा झेरॉक्स काढायला लावल्या.

प्रभूला वाटत होतं, हे घरातच राहावं. गाडीत म्हणाला, "अक्का, मोंढ्यात हाड सरकलंय म्हणून सांगू. टीबी म्हणलं की माणसं दुकानात चहा घेणार न्हाईत."

"मग घेऊ नयेत," अक्का म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी गादीवर जाऊन बसली. जो येईल त्याला सांगे, "बरगडीला टीबी झालाय. गोळ्या चालू हायत. हाडातला हाय, शेजारी बसून लागत न्हाई, डॉक्टरला विचारलंय मी. चहा घेणार?" बरेचजण घेत. काही जणांना अचानक काम आठवे. एक जुने व्यापारी चार-पाच महिने फिरकले नाहीत. प्रभू चिडला, तर म्हणाली, "भ्यालेत. ते बी कारणच हाय."

झेरॉक्स घेऊन ती एकेका डॉक्टरकडे गेली. भांडायला गेली असं मोंढ्यात अजून सांगतात, ते खरं नाही. मी नांदेडला तिच्याबरोबर होते. ज्यांनी सुनेची चौकशी केली होती त्यांच्याकडे आम्ही दोन तास रांगेत बसलो, नंबर आल्यावर आत गेलो, आणि तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"बरं झालं हो, सापडलं," ते म्हणाले.

"सापडलं न्हाई, साहेब. हुडकावं लागलं." ती उठायला लागली होती, पुन्हा बसली. "तुमच्याकडं माझ्यावानी लई बायका येत असतील. एकाच अंगाला दुखतंय म्हणणाऱ्या. पाठीला हात लावून बघत जा."

त्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, हा कागद मी ठेवून घेऊ का. तिने दिला. उदगीरच्या एकांनी मात्र घेतला नाही. तो तिने त्यांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली नीट ठेवला आणि नमस्कार करून आली.

त्या दिवशी नांदेडला माझ्या घरी आल्यावर तिने पिशवीतून आणखी एक प्रत काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मला कशाला?" मी म्हणाले.

"तू बी सांगितलं होतंस की कारण."

मी घेतली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. घड्या पडून मधोमध फाटायला आली आहे.

गोळ्यांनी तिला पहिले काही आठवडे फार त्रास दिला. अन्नाचा वास सहन होईना, लघवीला केशरी रंग यायचा. सुनेने घाबरून मला फोन केला, तर मागून अक्काचा आवाज आला, "भिऊ नको म्हण तिला. औषध जाग्यावर पोचलंय." सातव्या की आठव्या महिन्यात एका सकाळी तिचाच फोन आला. तिला फोनवर पाल्हाळ आवडत नसे. "तंगी, राती उजव्या कुशीवर झोपले," म्हणाली आणि ठेवून दिला.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. शेवटच्या तीन वर्षांत दम लागायला लागला. या वेळी प्रभूने 'वय झालं' म्हटलं नाही. दुसऱ्याच दिवशी लातूर गाठलं. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. ऑपरेशन होऊ शकतं, धोका इतका, उपयोग इतका, असं डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. अक्काने आठ दिवस विचार केला आणि नको म्हणाली. प्रभूने हट्ट धरला, मीही दोन दिवस रजा काढून समजवायला गेले. "बरगडीचं कारण मी हुडकलं," ती म्हणाली. "आता कळल्यावर काय करायचं ते बी मीच ठरवीन." तीन वर्षं ती एकेक जिना मोजत चढली, पूजा चुकवली नाही, आणि माघातल्या एका सकाळी पूजा आटोपून चहाची वाट बघत बसलेली असताना गेली.

मी पोचले तेव्हा घर भरलेलं होतं. बायका आत, पुरुष ओसरीवर. जो येई तो तेच म्हणे. वय झालं होतं. सोनं झालं. मी भिंतीला टेकून बसले होते. तिकडे ओसरीवर देवणीहून आलेल्या कुणीतरी विचारलं, "काय झालं हो एकाएकी?" आणि आमच्यातल्याच एका वयस्कर काकांनी उत्तर दिलं, "काय व्हायचंय. असंच. वय."

मी उठून दारात गेले. इतक्या पुरुषांसमोर मी आयुष्यात बोलले नव्हते.

"असंच नाही," मी म्हणाले. "तिच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. तीन वर्षं तिला माहीत होतं. ऑपरेशन नको, हे तिने स्वतः ठरवलं होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बाई, माणूस गेलं. आता कारण घेऊन काय करायचं?"

खांबापाशी बसलेल्या प्रभूने मान वर केली. त्याचे डोळे सुजले होते.

"काका," तो म्हणाला, "ह्या घरात सांगावं लागतंय."

दुपारी तिला नेलं. आमच्यात बसवून पुरतात. मांडी घालून, पाठ सरळ, पूजेला बसावं तशी. विधी करणाऱ्या स्वामींनी डबी उघडून लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, बोटं त्यावर मिटवली, आणि भस्म, बेलाची पानं वाहायला लागले. मागे, बाभळीखाली चाचा उभे होते. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. मशीन आता तो मुलगाच चालवतो. मी त्यांच्याजवळ गेले.

"अब सबके हाथ में देते हम," चाचा हळूच म्हणाले. "छोकरा उसको अम्मा का हाथ बोलता." मग त्यांनी विचारलं, "क्या हुआ था बेटी, अम्मा को?"

सकाळपासून घरच्या, भावकीच्या एकाही माणसाने मला हे विचारलं नव्हतं. मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. दम कधी लागायला लागला, कुठली झडप, डॉक्टर काय म्हणाले, अक्का काय म्हणाली. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "हौ," म्हणाले. मग मुलाच्या खांद्यावरचा हात काढला, वाकून मूठभर माती उचलली, आणि तिच्याकडे निघाले.